पिसांची माशी



मराठीत माशी आणि मासा हे शब्द इतके शेजारी शेजारी राहतात की आजच्या विषयाचं नाव उच्चारताच थोडा घोटाळा व्हावा. मी बोलणार आहे ते माशाला पकडण्याच्या माशीबद्दल. आणि ही माशी खरी नव्हे, पिसांची! गळाच्या आकड्यावर रेशमी दोऱ्यानं दोन-चार पिसं अशी गुंडाळायची की पाण्यातून पाहणाऱ्या माशाला वाटावं, वरून एखादं पाखरू येऊन पडलं. त्यासाठी कोणतं पीस घ्यावं, कोणतं घेऊ नये, आणि कोणत्याला हातसुद्धा लावू नये, एवढाच आजचा विषय.

नदीकाठच्या मंडळींना गळ म्हणजे काय हे सांगायला नको. गांडूळ लावावं, कणकेची गोळी लावावी, डोहाच्या काठी बसावं आणि दोरी ओढली जाण्याची वाट पाहावी. पण हे आमिष खोल जातं. काही मासे असे असतात की त्यांचं सगळं लक्ष वर असतं. मृगाचा पहिला पाऊस होऊन गेला की संध्याकाळी वारुळातून पंख फुटलेल्या वाळवीची पाखरं निघतात. घरात दिव्याभोवती त्यांचा खच पडतो तो तुम्ही पाहिलाच असेल. पण त्याच वेळी एखाद्या ओढ्याच्या काठी उभं राहून पाहा. पाऊस थांबलेला असतो, तरी पाण्यावर टपटप वर्तुळं उमटत असतात. खालून मासे येऊन पडलेली पाखरं टिपत असतात. अशा वेळी गांडुळाकडे कोण पाहणार? ताटात पुरणपोळी असताना भाकरीकडे हात जात नाही, तसंच हे.

आता खरी वाळवी गळाला लावून पाहा. ती इतकी नाजूक की टोचताच चिरडते, आणि इतकी हलकी की दूर फेकता येत नाही. म्हणून माणसानं पिसाची माशी शोधली. तिची फेकही निराळी असते. दगड भिरकावता येतो, पीस भिरकावता येत नाही, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. म्हणून इथं वजन माशीला नसतं, दोरीला असतं. जाडसर दोरी आसुडासारखी मागे-पुढे झुलवायची आणि तिच्या टोकाला बांधलेली माशी अलगद पाण्यावर उतरवायची. बैलगाडी हाकताना आसूड वाजवणाऱ्याच्या मनगटात ही कला निम्मी असतेच.

ही युक्ती फार जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या एलियन नावाच्या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या कोळ्यांची हकिकत लिहून ठेवली आहे. ते आकड्याभोवती लाल लोकर गुंडाळत आणि तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याजवळची मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधत. म्हणजे पहिल्या नोंदीतच कोंबडा हजर आहे! आपल्याकडेही गळाचा शौक राजेलोकांपर्यंत पोचलेला होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ ११३० च्या सुमाराचा. त्यात मत्स्यविनोद नावाचं प्रकरणच आहे. मासे कोणते, त्यांना खायला काय घालावं, दोरी कशी करावी, याचा त्यात विचार आहे. इंग्रजी अमदानीत मद्रास इलाख्यातल्या हेन्री सलिव्हन टॉमस या मुलकी अधिकाऱ्यानं १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि मग साहेबलोकांना आपल्या नद्यांचा नादच लागला.

हे सगळं आज सांगायला एक कारण घडलं. मी वाघोलीच्या बाजूला शिकवतो. पिलाजी जाधवरावांची वाघोली, वाघेश्वराची वाघोली. २०२१ सालापासून ती पुणे महापालिकेत आहे, पण नगर रस्ता सोडून थोडं आत गेलं की अजून पहाटे कोंबडा आरवतो. भीमेच्या काठच्या एका गावातून आमच्या वर्गात येणारा एक मुलगा एके दिवशी मोबाइलवर एक चित्र घेऊन आला. काळ्या पिसांची एक मान होती आणि प्रत्येक पिसावर पांढरा-पिवळा चकचकीत ठिपका. कुणीतरी त्याला विचारलं होतं, अशा माना मिळवून देशील का? एका मानेला जी किंमत सांगितली होती, ती ऐकून त्याचे डोळे चमकले होते. मुळशीकडे त्याचे पाहुणे होते आणि तिथं फासे लावणारा माणूसही त्याला माहीत होता. “सर, हा कुठला कोंबडा?” एवढंच त्याला विचारायचं होतं.

तो कोंबडा कुठला हे मी पुढे सांगतो. पण ते सांगून झाल्यावर त्यानं जो दुसरा प्रश्न विचारला, तो मला अधिक मोलाचा वाटला. तो म्हणाला, “मग सर, आमच्या घरच्या कोंबड्याची मान चालेल का?”

चालेल. चांगली चालेल. मात्र कोंबडा पारखून घ्यायला हवा.

पहिली गोष्ट, ब्रॉयलरचा विचार सोडून द्या. ती कोंबडी पाच-सहा आठवड्यांत बाजारात जाते. तेवढ्या काळात तिचं मांस भरतं, पण पीस पिकत नाही. उपटून पाहिलंत तर देठ मऊ, बुडाशी रक्ताळलेलं, आणि पीस कापसासारखं लुळं. याउलट उकिरडा उकरत हिंडणारा गावठी कोंबडा घ्या. त्याला वर्ष-दीड वर्ष तरी झालेलं असावं. तुरा भरलेला, पायाला आर आलेली आणि आयाळ मानेवरून खांद्यावर उतरलेली असावी. आयाळ म्हणजे त्याच्या मानेभोवतीची ती लांबट, टोकदार, चकाकणारी पिसं. कोंबडीची मान पाहा, तिची पिसं आखूड आणि गोल टोकाची असतात. हा फरक लक्षात ठेवा, त्याचा पुढं उपयोग आहे.

दुसरी गोष्ट हंगामाची. पावसाळ्याच्या शेवटाला कोंबडा जुनी पिसं टाकतो आणि नवी धरतो. त्या दिवसांत तो ओंगळ दिसतो आणि त्याचं पीसही ओंगळच असतं. काही झिजलेली, काही अजून नळीत अडकलेली. मार्गशीर्ष-पौषात मान पक्की होते. आणि योग पाहा, गावोगावच्या जत्रा-यात्रा त्यानंतरच सुरू होतात. जत्रेत किती कोंबडे कापले जातात आणि त्यांच्या माना कुठे जातात? उकिरड्यावर. पिसासाठी कोंबडा मारावा असं मी मुळीच म्हणत नाही. जो मारलाच जाणार आहे, त्याची मान कातडीसकट अलगद सोडवून घ्यावी, एवढंच.

आता पीस हातात घ्या. मधली दांडी दिसते. तिच्या दोन्ही बाजूंना बारीक धागे आहेत. या धाग्यांनाही डोळ्यांना न दिसणारे आकडे असतात आणि ते एकमेकांत अडकून पिसाचा सलग पडदा तयार होतो. बोटानं उलटं चोळलं की पडदा फाटतो, सुलटं चोळलं की पुन्हा जुळतो. शिक्षकबंधूंनी हे भिंगाखाली मुलांना जरूर दाखवावं. मुलं विसरत नाहीत. पक्ष्याला उडायला हा पडदा हवा. पण आपल्या तरंगत्या माशीला तो नको आहे! तिला हवेत सुटे, ताठ, चकचकीत धागे.

का, ते सांगतो. पाण्यावर सरसर पळणारे लांब पायांचे किडे तुम्ही पाहिलेत. ते बुडत नाहीत, कारण पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पापुद्र्यासारखा वागतो आणि हलका बारीक पाय त्याला भेदत नाही. तेलाचं बोट लावलेली सुई वाटीतल्या पाण्यावर हलकेच आडवी ठेवली तर तरंगते, तोच हा प्रकार. पीस आकड्याभोवती गुंडाळलं की त्याचे धागे चहूबाजूंनी चक्रासारखे उभे राहतात आणि त्यांची टोकं पाण्यावर टेकतात. टोकं ताठ असली की माशी उभी राहते. टोकं मऊ असली, किंवा मधे दाट लव असली, की ती पाणी पिते आणि बुडते.

म्हणून परीक्षा अशी करावी. पीस उजेडासमोर धरा. दांडीच्या दोन्ही बाजूंना धुरकट पट्टा दिसेल, ती लव. हा पट्टा बुडाशी रुंद असतो आणि टोकाकडे निमुळता होत जातो. जितका अरुंद, तितकं पीस चांगलं. बुडाचा लवेचा भाग तर सोलून टाकायचाच असतो. मग पीस बोटाभोवती वाकवा. धागे सुटे होऊन काट्यांसारखे उभे राहतील. ते खालच्या ओठाला लावून पाहा. बोटाला जे कळत नाही ते ओठाला कळतं. टोचले तर ताठ, गुदगुल्या झाल्या तर मऊ. दांडीही पाहायची. ती गोल वळली पाहिजे. मोडली किंवा पिळवटली तर ती आकड्यावर नीट बसणार नाही. शेवटी माप. आकड्याचं टोक आणि त्याची दांडी यांच्यात जेवढी फट असते, तिच्या साधारण दीडपट धाग्याची लांबी असावी. त्याहून लांब असले तर माशी कलंडते, आखूड असले तर तोंडावर पडते.

कोंबड्याच्या मानेवर ही मापं निसर्गानंच रचून ठेवली आहेत. डोक्याजवळ अगदी बारीक पिसं, खाली खांद्याकडे येता येता मोठी. मानेच्या कडेला काही रुंद, आखूड, फार ताठ पिसं सापडतात. ती माशीच्या शेपटीला ठेवावीत. पाठीच्या शेवटी, शेपटीच्या दोन्ही अंगांना लोंबणारी लांब पिसंही कामाची. अमेरिकेत तर गेल्या पन्नास-साठ वर्षांत केवळ पिसासाठी कोंबड्यांची निवडपैदास झाली आहे. तिथल्या कोंबड्याचं एकेक पीस वीतभर लांब असतं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत धाग्याचं माप एकच. त्याच्यापुढे आपला गावठी कोंबडा दरिद्री दिसेल. पण भारतातून गेलेल्या स्वस्त माना कितीतरी वर्षं परदेशातल्या दुकानांत ‘इंडियन नेक’ या नावानं विकल्या गेल्या आणि नवशिक्या हौशी माणसांची बोटं त्याच मानांवर तयार झाली, हेही खरं आहे.

कोंबडीचं पीस टाकाऊ समजू नका. पाण्याखाली बुडून पोहणारी माशी करायची असेल तर ताठपणा उलट नडतो. तिथं मऊ, पाणी पिणारं, प्रवाहात हलणारं पीस हवं. धागे हलले की माशाला ते किड्याच्या पायांसारखे दिसतात. तिथं कोंबडीची मान उत्तम.

रंगाबद्दल मात्र मी थोडा फटकळ आहे. हौशी मंडळी रंगावरून तासन् तास वाद घालतात. तरंगती माशी मासा खालून पाहतो, आकाशाच्या उजेडावर पाहतो. झाडाच्या शेंड्यावर बसलेला पक्षी आपल्याला काळाच दिसतो, तसंच ते. आधी माप, मग आकार, मग रंग, असा क्रम ठेवावा. तांबडा, काळा आणि कबरा, असे तीन कोंबडे पुरे. कडकनाथ पाळणारे आता पुष्कळ झाले आहेत, त्यांच्याकडे काळं पीस मिळेल. वनराज, गिरिराज या सुधारित जातींचेही कोंबडे वयात आलेले असले तर पाहायला हरकत नाही.

बदकाचं एक विशेष सांगायलाच हवं. त्याच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची गाठ असते. त्या गाठीभोवतीची लहान, धुरकट, लवेसारखी पिसं दिसायला क्षुद्र, पण पाण्यावर बुचासारखी तरंगतात. स्वित्झर्लंडमधल्या डोंगरी कोळ्यांनी ही गोष्ट हेरली. ही पिसं मात्र साबणानं धुऊ नयेत, सगळा गुणच जाईल.

आता मोर. वाघोलीहून नगर रस्त्यानं पुढं गेलं की शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली लागते. तिथं माणसाच्या अंगणात मोर वावरतात हे तुम्हांला ठाऊकच आहे. पावसाळा सरता सरता मोराचा पिसारा गळतो. माशी बांधणाऱ्याच्या लेखी मोरपीस म्हणजे कोंबड्याच्या मानेच्या खालोखालची गरज. पिसाच्या दांडीवरचा एकेक हिरवट-तांबूस धागा घेऊन आकड्याभोवती गुंडाळला की भुंगेऱ्याचं चकाकतं अंग तयार होतं. डोळ्याजवळच्या धाग्यावरची लव नखानं खरवडून काढली तर खाली गडद-फिका पट्टा उरतो आणि किड्याच्या पोटावरचे वेढे हुबेहूब दिसतात.

इथं शिक्षकबंधूंसाठी आणखी एक प्रयोग. मोरपीस उन्हात धरा, हिरवं-निळं झळकेल. आता तेच डोळ्याच्या आणि सूर्याच्या मधे धरा, प्रकाश आरपार येऊ द्या. हिरवा-निळा रंग नाहीसा होईल, तपकिरी धागा उरेल. कारण त्यात हिरवा रंग नाहीच, फक्त बारीक रचना आहे आणि तिच्यावरून परतणारा प्रकाश आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९३० नंतरच्या दशकात नीलकंठ पक्ष्याच्या पिसांवर असाच विचार केला होता. रंगवलेलं कापड आणि मोरपीस यांतला भेद यापेक्षा सोप्या रीतीनं दाखवता येणार नाही.

मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला वरच्या दर्जाचं संरक्षण दिलं आहे. आपोआप गळलेलं पिसाऱ्याचं पीस घरात ठेवायला किंवा देशात विकायला सवलत आहे. परदेशी पाठवायला मनाई आहे. गळलेलं पीस ओळखता येतं. त्याचं बूड कोरडं, स्वच्छ, पांढरट असतं. उपटलेल्याच्या बुडाला रक्ताचा किंवा कातडीचा अंश राहतो. बाजारात पिसांची जुडी टोकं छाटून विकायला आली तर तिथं थोडं थबकावं. बूड का कापलं, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

आणि आता त्या मुलाच्या मोबाइलमधल्या मानेकडे वळू. तो राखी रानकोंबडा. सह्याद्रीच्या रानात, मुळशी-भीमाशंकर-महाबळेश्वराकडे पहाटे जो तुटक, ठसकेबाज आवाज देतो, तोच. जगात हा फक्त भारतात, विंध्याच्या अलीकडे-पलीकडे आणि दक्षिणेत आढळतो. सोनेरा नावाच्या फ्रेंच प्रवाशानं १७८२ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याची माहिती दिली, आणि १८१३ मध्ये टेमिंक या डच पक्षिशास्त्रज्ञानं त्याला सोनेराचंच नाव दिलं. नराच्या मानेच्या प्रत्येक पिसावर दांडी रुंदावून चपटी होते आणि मेणाच्या किंवा लाखेच्या थेंबासारखा कडक, चकचकीत ठिपका बनतो. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये सामन माशासाठी रंगीबेरंगी माशा बांधण्याचं वेड एकोणिसाव्या शतकात पसरलं, तेव्हा माशीच्या दोन्ही गालांवर ‘डोळा’ म्हणून हे पीस लावायची रीत पडली. तेव्हापासून या पक्ष्याच्या मागे फासे लागले ते लागले.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. पाळीव कोंबडीचा मूळ पुरुष म्हणजे उत्तरेकडचा आणि पूर्वेकडचा तांबडा रानकोंबडा. पण २००८ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की पाळीव कोंबड्यांच्या पायांची पिवळी कातडी त्याच्याकडून आलेली नाही, ती या राखी रानकोंबड्याकडून आली आहे. तुमच्या अंगणात पिवळ्या पायांचा कोंबडा हिंडत असेल, तर त्याच्या पायांत सह्याद्रीचं रान आहे असं म्हणायला हरकत नाही.

कायद्याची बाजू अशी. रानपक्ष्यांची कातडी आणि पिसं परदेशी पाठवायला हिंदुस्थान सरकारनं १९०२ सालीच बंदी घातली होती. त्या वेळी युरोपात बायकांच्या टोप्यांवर पिसं लावायची फॅशन होती आणि आपल्याकडचे बगळे तिच्यापायी मारले जात. सिंधमधल्या कोळ्यांनी तर बगळे पाळून त्यांची पिसं काढायचा धंदाही करून पाहिला. पुढे १९७२ चा कायदा आला. राखी रानकोंबडा मारणं, पकडणं, त्याची मान बाळगणं किंवा विकणं हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय करारानंही त्याच्या व्यापारावर बंधनं आहेत. परदेशात आज जी पिसं उघडपणे विकली जातात, ती तिकडे पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांची असतात आणि त्यांच्याबरोबर कागदपत्रं असतात. आपल्या रानातल्या मानेला असा कागद कधीच मिळू शकत नाही. म्हणून तर ती चोरून मागितली जाते. मोबाइलवरून मागणारा दूर राहतो. फासा लावणारा आणि मान पोचवणारा पोरगा, हे दोघे मात्र जागेवर सापडतात.

नर विणीच्या हंगामात, फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, सगळ्यात सुंदर दिसतो आणि आरवून स्वतःचा ठावठिकाणा सांगतो. फासा लावणारा नेमकी तीच वेळ साधतो. जून ते सप्टेंबर त्याची ही मानेची पिसं गळून साधी काळपट पिसं येतात. म्हणजे एका मानेसाठी जो मारला जातो, तो बहुधा विणीतला नर असतो.

हे पिसांचं वेड माणसाला कुठवर नेतं याचं उदाहरण इंग्लंडमध्ये घडलं. जून २००९ मध्ये ट्रिंग इथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या शाखेत रात्री चोरी झाली. चोर होता संगीताचं शिक्षण घेणारा एक तरुण, आणि माशा बांधण्यात पटाईत. त्यानं २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी पेटीत भरून नेली. त्यांतली काही आल्फ्रेड रसेल वॉलेस या थोर निसर्गशास्त्रज्ञानं दीडशे वर्षांपूर्वी मलायाच्या बेटांवर गोळा केलेली होती. जुन्या पुस्तकातल्या नमुन्याबरहुकूम माशी बांधायला तीच पिसं हवीत, हा हट्ट! पुढे तो पकडला गेला आणि त्यानं गुन्हा कबूल केला. पण पुष्कळ कातड्यांवरच्या चिठ्ठ्या तोवर काढून टाकलेल्या होत्या, आणि पक्षी कुठला, कधीचा हे सांगणारी चिठ्ठी गेली की शास्त्राच्या दृष्टीनं कातडं मुकं होतं. गंमत म्हणजे अशा माशा बांधणारे पुष्कळसे लोक त्या पाण्यात टाकतच नाहीत. काचेच्या पेटीत ठेवतात. माशाला त्या पिसाचं काहीच कौतुक नसतं.

तो ठिपका हवाच असेल तर आपल्या काळ्या कोंबड्याचं मानेचं पीस घ्यावं आणि टोकाजवळ नखाला लावायच्या पांढऱ्या रंगाचा थेंब ठेवावा. वाळल्यावर वर पिवळसर थेंब. दोन हात अंतरावरून मलाही फरक सांगता येणार नाही. गिनी कोंबडीचं ठिपक्यांचं पीसही छान दिसतं, आणि ती पाळायला कुणाची मनाई नाही.

त्या मुलाला मी धंद्याची मोठी स्वप्नं दाखवली नाहीत. केनियात माशा बांधून परदेशी पाठवण्याचा व्यवसाय अनेक वर्षं चालत आला आहे आणि त्यावर कुटुंबं जगतात, हे खरं. पण कच्ची पिसं परदेशी पाठवणं आता सोपं राहिलेलं नाही. २००६ साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला, तेव्हापासून न धुतलेल्या, निर्जंतुक न केलेल्या पिसांकडे सगळे देश संशयानं पाहतात. तेव्हा सुरुवात घरापासून करावी. काश्मीर-हिमाचलात ट्राउट माशांच्या नद्या आहेत, निलगिरीतही आहेत, आणि तिथं माशी वापरणारे लोक आपल्याच देशातले आहेत.

आणि आपल्या नद्यांचं काय? कर्नल साइक्स नावाच्या अधिकाऱ्यानं १८२४ पासून काही वर्षं दख्खनची पाहणी केली. त्यानं इथले मासे गोळा केले आणि १८३९ मध्ये त्यांना शास्त्रीय नावं दिली. ही नावं देताना त्यानं आपल्या कोळ्यांच्या तोंडचे शब्द तसेच उचलले. खुदरी, मुसुला, कोलस, नुक्टा, हे शब्द आज जगभरच्या ग्रंथांत लॅटिन वेषात वावरतात. त्यांतला खुदरी म्हणजे आपला महाशीर, आणि साइक्सनं तो नोंदवला तो पुण्याच्या मुळा-मुठेतून. वाघोलीच्या दक्षिणेला मांजरीकडून वाहते, तीच ही नदी. आज तिथं जलपर्णी आणि फेस दिसतो. माशी टाकायची तरी कुणापुढे? देहू-आळंदीला इंद्रायणीतले महाशीर भाविकांनी पिढ्यान् पिढ्या न मारता सांभाळले, पण देवाच्या माशालाही श्वास पाण्यातूनच घ्यावा लागतो. लोणावळ्याजवळ वळवण इथं टाटांच्या वीज कंपनीनं गेल्या शतकात महाशीराची पैदास सुरू केली आणि तिथली पिलं दूरदूरच्या पाण्यांत सोडली गेली. ती कावेरीतही गेली आणि तिथल्या मूळच्या वाशिंडाच्या महाशीराला भारी पडली, ही त्यातली उणी बाजू. भलं करतानाही नदी कोणती हे पाहावं लागतं.

माशी टाकून पाहायचीच असेल तर धरणांच्या वरच्या अंगाला, मावळ-मुळशीकडच्या स्वच्छ ओढ्यांवर पाहावी. पाणी ज्या मच्छीमार सोसायटीकडे असेल तिची परवानगी आधी काढावी, आणि अभयारण्याच्या हद्दीत गळ नेऊ नये. आकड्याचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करून टाकला तर मासा न दुखवता सोडून देता येतो. महाशीर लागला तर तो सोडावाच.

घरच्या मानेचं पुढं काय करायचं, तेवढं सांगून थांबतो. कातडीची चरबी बोथट सुरीनं खरवडावी, मान साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत पसरावी. कातडीच्या बाजूला बारीक मीठ आणि टाकणखार चोळावा, आणि पुठ्ठ्यावर टाचण्यांनी ताणून आठ-दहा दिवस वाळू द्यावी. आजारानं मेलेल्या कोंबड्याची मान कधीही घेऊ नये; असं मेलेलं पाखरू हाताळूही नये, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. वाळलेली मान घट्ट झाकणाच्या डब्यात कापूर आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून ठेवावी, नाहीतर कसर चार महिन्यांत नुसत्या दांड्या शिल्लक ठेवते. डब्यावर चिठ्ठी लावावी आणि तिच्यावर कोंबड्याचा रंग, त्याचं वय आणि महिना लिहावा. दोन-तीन वर्षांत तुमच्याच चिठ्ठ्या तुम्हांला सांगतील, कोणत्या घरचा कोंबडा राखायचा ते.